दगडी कमानीचा पूल पाडावा की ठेवावा? आधी उन्हाळ्यात पात्रात उतरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरूरकडच्या तुमच्या गावाच्या ओढ्यावर तीन कमानींचा ब्रिटिश काळातला दगडी पूल आहे. त्यावरून शाळेची बस जाते, हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात, अधूनमधून वाळूचे डंपरही जातात. कुंडमळ्याच्या दुर्घटनेनंतर अर्धा गाव म्हणतो पाडून टाका आणि अर्धा म्हणतो इतकी वर्षं टिकला, अजून टिकेल. एका ठेकेदाराने सिमेंटने दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) भरून, कमानींना आतून गिलावा करून पूल ‘नव्यासारखा’ करून देतो असं सांगितलं आहे. काय करावं?

मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. गेली जवळजवळ तीस वर्षं जुनी दगडी बांधकामं तपासणं आणि दुरुस्त करणं हेच माझं मुख्य काम आहे. पूल न पाहता ‘सुरक्षित आहे’ किंवा ‘धोकादायक आहे’ असं मी लिहिणार नाही, आणि फोटोवरून कुणी तसं सांगितलं तर तुम्हीही विश्वास ठेवू नका. गाळा (दोन खांबांमधलं अंतर) किती, कमानीची जाडी किती, वर भराव (कमान आणि रस्ता यांच्यामधली माती-मुरूम) किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खांब कातळावर टेकलेत की मुरमात, यावर उत्तर पार बदलतं. पण कुठे बघायचं आणि का, हे सांगता येईल.

गावातल्या दोन्ही बाजू पुलाच्या वयावर भांडत आहेत. दगडी कमानीच्या बाबतीत वयावरून फारसं काही कळत नाही. कुंडमळ्याला १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तो पूल लोखंडी होता. लोखंड दर पावसाळ्यात गंजतं, गंजलेला भाग झडतो आणि पट्टी पातळ होत जाते, म्हणून तिथे वयाचा थेट संबंध आहे. दगडी कमानीचं तसं नाही. ती का उभी राहते हे एकदा समजलं की कशाने पडेल तेही समजतं, म्हणून थोडं तिथून सुरू करतो.

गळ्यातली साखळी दोन हातांत दोन टोकांना धरून मध्ये सैल सोडा. ती जो आकार घेते त्यात तिच्या प्रत्येक कडीवर फक्त ताण असतो. तोच आकार उलटा केला तर प्रत्येक ठिकाणी फक्त दाब येईल. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ साली ही गोष्ट मांडली. आपले पाथरवट आणि गवंडी ती सूत्राशिवाय, हाताच्या अनुभवाने वापरत होते. दगडाला दाब सहज पेलतो, ताण अजिबात पेलत नाही, आणि दोन दगडांमधला चुन्याचा सांधा तर ताणात लगेच उघडतो. म्हणून कमानीतून जाणारी दाबाची रेषा दगडाच्या जाडीच्या आत ठेवायची, एवढंच त्या बांधणीचं सगळं कौशल्य. ही रेषा जाडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात राहिली तर सांधा कुठेच उघडत नाही. बाहेर सरकली तर विरुद्ध बाजूला भेग दिसते.

आता दगडावर दाब तरी किती येतो ते बघा. समजा गाळा १२ मीटरचा, कमानीची उंची ३ मीटर, दगडी कडं ६० सेंटिमीटर जाड. एक मीटर रुंदीचा पट्टा घेतला तर दगड, भराव आणि वाहतूक मिळून लांबीच्या प्रत्येक मीटरला साधारण ६ टन ओझं धरू. आडवा रेटा काढायचं सोपं गणित असं: ओझं गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उंचीची आठपट. म्हणजे ६ गुणिले १४४ भागिले २४, उत्तर ३६ टन. ६० सेंटिमीटर जाडीवर हा रेटा पसरला की दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब येतो. आपला चांगला काळा बेसॉल्ट हजार किलोच्या पुढेच चिरडतो. म्हणजे दगडाच्या ताकदीचा शंभरावा हिस्साही वापरला जात नाही. दीडशे वर्षांत तो दगड थकलेला नसतो, आणि अजून दीडशे वर्षांनीही थकणार नाही.

पण त्याच गणितातला ३६ टनांचा आडवा रेटा विसरू नका. तो प्रत्येक मीटर रुंदीला, रात्रंदिवस, काठावरच्या अबटमेंटला, म्हणजे कमानीचं टोक टेकतं त्या काठच्या भक्कम भिंतीला, बाहेर ढकलत असतो. कमान जितकी चपटी तितका हा रेटा जास्त. वरच्या उदाहरणात उंची ३ ऐवजी दीड मीटर केली तर रेटा दुप्पट, ७२ टन होतो. मधल्या खांबांवर दोन्ही बाजूंचे रेटे एकमेकांना तोलून धरतात. एक खांब खचला तर शेजारच्या दोन्ही कमानी धोक्यात येतात, आणि एक कमान गेली तर पलीकडच्या कमानीचा रेटा त्या खांबावर एकतर्फी पडतो. म्हणून असे पूल पडतात तेव्हा एकामागून एक गाळे जाण्याची भीती असते.

जाक हेमन या केंब्रिजच्या प्राध्यापकांनी १९६६ साली हाच विचार नीट सिद्धांतरूपाने मांडला: दगडी कमानीचा प्रश्न ताकदीचा कमी आणि आकाराचा जास्त असतो. अबटमेंट थोडं बाहेर सरकलं तर कमान तीन ठिकाणी उघडते, तीन बिजागऱ्या लावल्यासारखी. तीन बिजागऱ्यांवर ती स्थिर राहते आणि पिढ्यान्‌पिढ्या राहू शकते. चौथी बिजागरी तयार झाली की मात्र ती कोसळते. म्हणून मी भेग दिसली की घाबरत नाही, पण तिची नोंद ठेवतो. काचेची पातळ पट्टी भेगेवर दोन्ही टोकांना चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. पावसाळ्यानंतरही काच शाबूत असेल तर ती भेग बहुतेक आजोबांच्या काळातली आहे. काच फुटली असेल तर काहीतरी आजही हलतंय.

माझ्या कामातला एक अनुभव सांगतो, कारण तुमच्या पुलाशी त्याचं साम्य आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका ओढ्यावरचा चार कमानींचा पूल बघायला गेलो होतो. वरून आणि बाजूने पूल सुरेख होता. घडीव दगड, एकेक सांधा सरळ, कमानीला एकही भेग नाही. त्याआधीच्या तपासणीत त्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता, आणि ती तपासणी रस्त्यावर उभं राहून झाली होती. मे महिना होता, पात्र कोरडं होतं. आम्ही खाली उतरलो आणि दुसऱ्या खांबाच्या बुडाशी पहार घातली. पहार दगडाला अडायला हवी होती. ती सगळ्यात खालच्या थराखाली सरळ दीड फूट आत गेली. खांबाचा पुराकडे तोंड केलेला कोपरा चक्क अधांतरी होता. खालच्या बाजूला जेसीबीने वाळूचा उपसा झाला होता, त्यामुळे पात्राची पातळी उतरत उतरत पायाच्या खाली गेली होती. त्या कमानीत काहीच दोष नव्हता, आणि एका मोठ्या पुरात ती गेली असती. आम्ही वाहतूक थांबवायला लावली, पायाखालची पोकळी काँक्रीटने भरून घेतली, खांबाभोवती मोठे दगड बसवून घेतले. तो पूल आज वापरात आहे.

पुरात खांबाशी काय होतं ते सांगतो. पाण्याचा लोंढा खांबावर आपटला की काही पाणी वरून खाली वळतं आणि तळाशी भोवरा तयार होऊन खांबाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात फिरतं. हा भोवरा वाळू-मुरूम उचलून नेतो. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ परत येऊन बसतो, त्यामुळे नंतर बघणाऱ्याला सगळं समतल दिसतं. म्हणून पहार लागते, डोळ्यांनी भागत नाही. खांबाचं पुराकडचं टोक निमुळतं घडवलेलं असतं ते या लोंढ्याला फाडण्यासाठीच, शोभेसाठी नाही. ते टोक निखळलं असेल तर आधी ते बसवा.

पुरात दुसरंही एक होतं. दगड पाण्यात बुडला की हलका होतो. बेसॉल्टचं वजन पाण्याच्या पावणेतीनपट धरलं तर बुडालेल्या भागाचं वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतं. कमान आपल्या वजनावर स्थिर असते, आणि नेमकी सगळ्यात मोठी आडवी धडक बसते तेव्हाच ते वजन कमी झालेलं असतं. वर वाहून आलेली झाडं कमानीत अडकली की पुलाचा बंधारा होतो. चीनमधल्या झाओझोऊच्या पुलाचा गाळा तब्बल ३७ मीटरचा आहे आणि तो सुमारे ६०५ साली बांधला गेला. त्याच्या बांधणाऱ्याने कमानीच्या खांद्यांवर छोट्या कमानी मोकळ्या सोडल्या. त्यामुळे वजनही घटलं आणि पुराला वाटही मिळाली.

पुण्यात आपण हे सगळं जवळून पाहिलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा लकडी पूल आणि नवा पूल पाण्याखाली गेले. नवा पूल आजही शहराची वाहतूक पेलतो. मुळा-मुठेच्या पात्रात बऱ्याच ठिकाणी कातळ अगदी वर आहे, आणि कातळात बसवलेल्या खांबाखाली भोवऱ्याला उकरायला काही सापडत नाही. शहरातले जुने पूल टिकण्यात या कातळाचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. तुमच्या ओढ्याला असा कातळ लागतो की नाही, हे तुम्हाला शोधायचं आहे. उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, आणि दोन एसटी गाड्या व इतर वाहनं वाहून गेली. त्या रात्री पुलावर रोजचीच वाहतूक होती. नदी मात्र पुराने भरून वाहत होती. त्या घटनेनंतर मी दगडी पुलाचा एकही अहवाल पात्रात उतरल्याशिवाय लिहिलेला नाही.

आता ठेकेदाराच्या प्रस्तावाकडे येतो, कारण हे काम पुढच्या महिन्यात होऊ शकतं आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं आहे, पण आपल्याकडच्या जुन्या पुलांचा सांधा बहुतेक चुन्याचाच आहे. विरलेला चुना, वाळू आणि भाजलेल्या विटांची भुकटी म्हणजे सुरखी, हे बैलाच्या घाणीत मळून घ्यायचे. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायची पद्धत होती. सुरखीमुळे चुना ओल्यातही घट्ट होतो. हा सांधा दगडापेक्षा मऊ असतो आणि तसाच हवा. खांब दोन-चार मिलिमीटर बसला, उन्हाने दगड प्रसरण पावले, तर चुना थोडा दबतो, थोडा उघडतो. बारीक भेगेत झिरपलेल्या पाण्यात चुना विरघळतो आणि पुन्हा तिथेच साका धरून ती भेग भरतो.

आपला बेसॉल्ट पाणी जवळजवळ शोषत नाही. वरून भरावात मुरलेलं पाणी बाहेर यायला दोनच वाटा असतात: निचऱ्यासाठी ठेवलेली भोकं आणि चुन्याचे सांधे. सिमेंटने सगळ्या दर्जा गच्च बंद केल्या की पाणी आत कोंडतं. मग आतला चुना धुऊन जायला लागतो, आणि कुठल्यातरी फटीतून पांढरे ओघळ आणि चुन्याचे छोटे लोलक बाहेर दिसू लागतात. तुम्हाला असे ओघळ दिसले तर समजा की आतून चुना बाहेर येतोय. कोंडलेल्या पाण्याने भराव जड होतो आणि बाजूच्या भिंती बाहेर ढकलतो. भिंतीचं पोट सुटलेले असे कितीतरी पूल मी पाहिलेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पाच-दहा वर्षांपूर्वी सिमेंटची ‘दुरुस्ती’ झालेली होती.

आतून गिलावा तर अजिबात करू नका. त्याने ताकद वाढत नाही. फक्त सांधे झाकले जातात, आणि पुढच्या तपासणीला भेग दिसायची सोय उरत नाही. दाबाने सिमेंटचं पाणी आत सोडायचं असं कुणी सुचवलं तर त्यालाही नकार द्या. तो दाब सैल झालेली भिंत बाहेर ढकलू शकतो, आणि निचऱ्याची भोकं कायमची बुजतात. पोकळी भरायचीच असेल तर चुना-सुरखीचं पातळ मिश्रण, वरून ओतून, आपल्या वजनाने उतरेल तेवढंच.

करायचं काय, तर आधी पाण्याला बाहेर पडायला वाट करून द्या. निचऱ्याची भोकं शोधून मोकळी करा. ती बऱ्याचदा मातीने आणि मधमाश्यांच्या किंवा पाखरांच्या घरट्यांनी भरलेली असतात. रस्त्याचं पाणी कठड्याशी साचतं तिथे उतार द्या. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर टाकताना जुना थर खरवडून काढायला सांगा. नाहीतर वजन वाढत जातं, कठडा बुटका होत जातो आणि पाणी बाहेर न जाता भरावात उतरतं. गळालेल्या दर्जा चुन्यानेच भरा. चुन्याचं काम येणारा गवंडी आजही पुण्यात आणि साताऱ्याकडे मिळतो. वाडे आणि देवळांची डागडुजी करणाऱ्यांकडे विचारा.

पिंपळ आणि उंबर यांच्याकडे विशेष लक्ष द्या. पाखरांच्या विष्ठेतून पडलेलं बी सांध्यात रुजतं आणि मूळ ओल शोधत आत जातं. रोप बोटभर असेल तर मुळासकट काढा. मनगटाएवढं झालं असेल तर ओढू नका, दगड त्याच्याबरोबर येतात. बुंध्यापाशी कापा, कापलेल्या जागी लगेच नवी फूट रोखणारं औषध लावा, आणि मूळ सुकल्यावर तिथला सांधा उकरून चुन्याने भरा. दर दिवाळीनंतर एक फेरी मारली तर हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

एक गोष्ट गावपातळीवर फार होते म्हणून मुद्दाम लिहितो. नळाची पाइपलाइन नेताना पुलावरचा भराव खोदतात. कमानीच्या दोन्ही खांद्यांवरचा तो भराव कमानीला आत दाबून धरतो. तिथे चर खणला आणि वरून भरलेली ट्रॉली गेली तर कमान दुसऱ्या बाजूने फुगू शकते. पाइप कठड्याच्या बाहेरून स्वतंत्र आधारावर न्या.

उसाच्या ट्रॉल्या आणि डंपरबद्दल तुम्ही विचारलंत. मोठ्या गाळ्यात पुलाचं स्वतःचं वजन इतकं असतं की एका वाहनाने दाबाची रेषा फारशी सरकत नाही. लहान गाळ्याच्या, कमी भरावाच्या कमानीला मात्र एका जड आसाचं, म्हणजे चाकांच्या एका जोडीचंही, ओझं जाणवतं, विशेषतः चाक गाळ्याच्या चौथ्या हिश्श्यावर असतं तेव्हा. तुमचे गाळे चार-पाच मीटरचे असतील आणि माथ्यावर भराव फूटभरच असेल, तर तपासणी होईपर्यंत डंपर बंद ठेवा. बसला आणि ट्रॅक्टरला परवानगी द्यायची की नाही हे खांबांचे पाय बघून ठरवा. खांबाखाली पोकळी सापडली तर माणसांनीही पावसाळ्यात त्यावरून जाऊ नये.

पूल अरुंद आहे ही तक्रार खरी असेल, पण तो वेगळा प्रश्न आहे. पुण्यात बंडगार्डनचा १८६७ चा फिट्झगेराल्ड पूल उभा ठेवून वाहतूक शेजारच्या नव्या पुलावर नेली. तुमच्याकडे तसा विचार झाला तर नव्या पुलाचे खांब जुन्या खांबांच्या ओळीतच घ्यायला सांगा, नाहीतर पाण्याची वाट अडते आणि लोंढा जुन्या पायावर वळतो. नव्या पायासाठी जवळ सुरुंग किंवा मोठा ब्रेकर लावू देऊ नका.

आता लगेच करण्यासारखं: पाऊस सुरू व्हायच्या आत, पात्र कोरडं असताना, चार जण खाली उतरा. पहार, टेप, हातोडी आणि खडू बरोबर घ्या. गाळा, माथ्यापर्यंतची उंची आणि कडेला दिसणारी कमानीची जाडी मोजा. प्रत्येक खांबाच्या चारही बाजूंना बुडाशी पहार घाला आणि किती आत जाते ते खांबावर खडूने लिहून फोटो काढा. कमानीच्या दगडांवर हातोडी हलकेच मारा. खणखणीत आवाज आला तर दगड बसलेला आहे, बद्द आला तर मागचा सांधा सुटलेला आहे. त्या दगडांवरही खूण करा. भेगा रस्त्याच्या आडव्या आहेत की प्रवाहाच्या आडव्या, हे वेगवेगळं लिहा. खांबावर जुन्या पुराची पाण्याची खूण असेल तर तिचा फोटो घ्या. मागच्या वीस वर्षांत खालच्या अंगाला वाळू उपसली का, नवा बंधारा झाला का, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

हे सगळं घेऊन तालुक्याच्या बांधकाम विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ‘पायाची तपासणी’ हे शब्द अर्जात स्पष्ट लिहा. मापं आणि फोटो इथे टाकलेत तर मी गणित करून देईन. खाली उतरताना एक माणूस वरच्या अंगाला उभा ठेवा. वळवाचा पाऊस वर कुठेतरी पडला की कोरडा ओढा अर्ध्या तासात भरतो.